स्पेंटवॉश जिवाणूंवर सोपवून भागेल का?

शिवारकर: डिस्टिलरीत लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. गरम, आंबट, काळाकुट्ट. बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम, नदीत सोडायची मर्यादा फक्त ३०. डायजेस्टरमधले, म्हणजे हवाबंद टाकीतले जिवाणू हा माल खातात, वर बॉयलरला गॅस देतात. मग हल्ली जो तो स्पेंटवॉश आटवून जाळायच्या मागे का लागलाय? कोट्यवधींचा चुराडा नुसता!

काळी_विहीर: डायजेस्टरमधून बाहेर पडणारं पाणी कधी बघितलंय? नव्वद टक्के बीओडी गेला तरी चार-पाच हजार उरतोच. रंग तर जवळपास तसाच, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा. तो मेलॅनॉइडिन या गडद रंगद्रव्याचा, जिवाणूंना सहज पचत नाही. आमच्या विहिरीचं पाणी बादलीत लालसर दिसतं. जनावरंही तोंड लावत नाहीत.

शिवारकर: रंगावर पांढऱ्या कुजीची बुरशी, लाकूड कुजवणारी, चालते की. प्रयोगशाळांत सिद्ध झालंय.

ईटीपीवाला: चंचुपात्रात झालंय, तेही स्पेंटवॉश पातळ करून, वर बुरशीला ग्लुकोज घालून. रोजच्या लाखो लिटरला ग्लुकोज कोण घालणार, तुम्ही?

पण विहीरवाले, सगळं खापर जिवाणूंवर फोडू नका. मिथेन करणारे जिवाणू भलते नाजूक. सामू सातच्या आसपास हवा. फीड, म्हणजे डायजेस्टरमध्ये सोडायचा स्पेंटवॉश, एकदम वाढवला की आम्ल साचतं, गॅस कमी होतो. तेव्हा वरून हुकूम येतो, "कल्चरच्या, म्हणजे तयार जिवाणूंच्या, गोण्या ओता." गोण्यांनी काय होतंय? फीड तोडावा लागतो. ऐन हंगामात तोडलेला स्पेंटवॉश ठेवायचा कुठे? लगून, म्हणजे साठवणीचं तळं, आधीच काठोकाठ. पुढे पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्याला काय येतं, ते गावाला माहीत आहे.

मळीवाला: प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, शिंपडून कंपोस्ट करा ना. शेतकरी रांगा लावून नेतात.

ईटीपीवाला: करतो. पण उघड्या यार्डावर पावसाळ्यात ते बंद.

काळी_विहीर: म्हणजे डायजेस्टर ठेवा, गॅस घ्या, पण मागे आटवणी लावल्याशिवाय परवानगी नको. आणि ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी पावसाळ्यात डिस्टिलरी बंद ठेवावी.

शिवारकर: इथेनॉलला मागणी असताना? संचालक मंडळ तुम्हाला दारातही उभं करणार नाही.

काळी_विहीर: मग पाण्याचा टँकर तरी त्यांच्याच खर्चाने पाठवा.