तालमीच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवताना बंदिस्त सॉफ्टवेअरवर किती विसंबावे?

सारंगवेडा (प्रश्न):
गुरुजींकडे घेतलेल्या तालमीच्या कॅसेट मी संगणकावर उतरवून घेत आहे. ज्या सॉफ्टवेअरचे आतले कामकाज बनवणाऱ्या कंपनीखेरीज कोणालाच पाहता येत नाही, आणि जे वर्गणी थांबताच आपल्याच कामाची दारे आपल्याला बंद करू शकते, त्याच्या हवाली ही विद्या करायला मन धजत नाही. ओळखीचे ध्वनिमुद्रक मात्र ‘स्टुडिओत सगळे हेच वापरतात’ एवढेच सांगतात. ध्वनी उतरवणे, तो साफ करणे आणि बंदिशींची स्वरलिपी टंकणे, यांपैकी कोणत्या टप्प्यावर आग्रह धरावा?

फीतवाला:
आग्रह साठवणीच्या स्वरूपाबाबत धरावा. फ्लॅक हे ध्वनी साठवण्याचे २००१ पासूनचे मुक्त फाइल-स्वरूप आहे. त्यात ध्वनीतले काहीही न गमावता फाइल बऱ्याचदा जवळपास निम्मी होते, आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याचे संपूर्ण तपशील आरएफसी ९६३९ या खुल्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाल्यामुळे ते वाचणारे सॉफ्टवेअर कोणालाही लिहिता येते. उतरवून घेण्यास ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. २०२१ मध्ये ते म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेल्यावर नव्या गोपनीयता धोरणावरून वादंग माजले, तेव्हा कोड वापरण्या-बदलण्याची मोकळीक देणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे मूळ कोड घेऊन टेनॅसिटी ही निराळी आवृत्ती काढणे नाराज मंडळींना शक्य झाले. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला ही वाट नसते.

खरखर_नको:
साठवणीबाबत सहमत आहे, साफसफाईबाबत नाही. फितीची सरसर काढताना तानपुऱ्याची आसही पुसली जाते, आणि त्या नाजूक कामात काही विकतची साधने माझ्या कानाला सरस वाटतात. मूळ फ्लॅक प्रत अस्पर्शित ठेवून साफ केलेली प्रत वेगळी काढत असाल, तर ते साधन उद्या बंद पडले तरी फारसे बिघडत नाही.

मींड:
खरा धोका स्वरलिपीत आहे. पाश्चात्त्य स्वरलेखनाचे फिनाले हे सॉफ्टवेअर १९८८ पासून चालत आले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवला आणि वापरकर्त्यांना आपल्या रचना म्युझिकएक्सएमएल या, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्वरलेखन नेण्याच्या स्वरूपात काढून घ्याव्या लागल्या. आपल्याकडे ही पळवाटही तोकडी, कारण ते स्वरूप पाच रेघांच्या लेखनासाठी घडवलेले आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली आणि तार स्वराला वर टिंब येते. डीटीपीच्या काळात ही चिन्हे ज्या खास फॉन्टमध्ये बसवली गेली, तो फॉन्ट नसला की बंदिशीच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून लिब्रेऑफिस या मुक्त लेखन-सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडनेच, म्हणजे खास फॉन्टवर न विसंबणाऱ्या सर्वमान्य अक्षर-संकेतांनीच, टंकावे, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढावी आणि एक छापील प्रतही ठेवावी. कॅसेट मात्र टाकून देऊ नका.