नाशिकच्या द्राक्षशिवारात ग्रॅव्हल सायकल: जानेवारीअखेर दोन सकाळी आहेत, वाट सुचवा

सायली_कोथरूड

नमस्कार. दिवाळीत ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) घेतली. गियरचे दाते पुढे ४६-३०, मागे ११-३४, टायर ७०० बाय ३८, आत अजून ट्यूबच आहे. डांबरावर पानशेत, खडकवासला भरपूर झालंय, कच्च्या रस्त्याचा अनुभव मात्र जेमतेम.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला गंगापूर रोडला मावशीकडे जातेय. दोन सकाळी मोकळ्या आहेत. द्राक्षबागांमधून जाणाऱ्या, चढउताराच्या, मुरमाच्या वाटा हव्यात. रोज ५०-६० किलोमीटर जमेल. उपग्रहाच्या नकाशात वाटांचं जाळं दिसतं, पण कुठली वाट पुढे निघते आणि कुठली कोणाच्या मळ्यात संपते ते कळत नाही. टायर ट्यूबलेस (ट्यूबऐवजी आत भोकं बुजवणारं पातळ सीलंट) करून घ्यावं का? आणि बागांमधून सायकल नेलेली शेतकऱ्यांना चालते का?

मोहाडीकर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला आमची तीन एकर बाग आहे. वडील बघतात, मी नोकरीला नाशकात आणि सहा वर्षांपासून सायकलवर. त्यामुळे कुंपणाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

आमच्याकडे कच्च्या वाटा तीन तऱ्हेच्या. पाटाच्या कडेचा रस्ता, दोन गावांना जोडणारा शिवरस्ता आणि मळ्याची वाट. पहिल्या दोनवर लोकांची रोजची ये-जा असते, तिथं तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. मळ्याची वाट नकाशात अगदी शिवरस्त्यासारखीच दिसते, फसगत तिथं होते. खूण सांगतो. वाट ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी किंवा फवारणीच्या टाकीपाशी आली, की आपण कोणाच्या तरी अंगणात शिरलोय असं समजायचं. उतरायचं, हाक मारायची, "दादा, इथून पुढं रस्ता निघतो का?" एवढं विचारायचं. मला आजवर नकारापेक्षा चहाच जास्त मिळालाय.

जानेवारीअखेर माल ऐन भरात असतो. कुठे काढणी चालू, कुठे घडांना कागद गुंडाळलेले. थंडीत मणी गुलाबी पडतो, त्याला जपण्यासाठी तो कागद. उघड्या घडाला कृपा करून हात लावू नका. मण्यावर पांढुरकं दिसतं ती धूळ नव्हे, तो मण्याचा स्वतःचा मेणाचा थर असतो. बोट लागलं की पुसला जातो आणि परत येत नाही. निर्यातीचा व्यापारी घड उचलून आधी तेच बघतो. वडील घड कापताना देठाला धरतात, मण्याला कधीच नाही. लहानपणी आम्हा भावंडांना हीच पहिली शिस्त होती.

आता वाट. पहिल्या दिवशी मावशीच्या घरून निघून गंगापूर धरणाच्या उत्तर अंगाला सावरगाव, गंगाव्हरे करत गिरणारे गाठा. हा वाईनच्या द्राक्षांचा पट्टा. इथल्या बागा आमच्या मांडवासारख्या नसतात, तारेवर उभ्या ओळी असतात, त्यामुळे आरपार धरणाचं पाणी दिसतं. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण पाण्याच्या बाजूला आणि गावांच्या मधे कच्चे फाटे निघतात, तिथं रमा. गिरणाऱ्यात नाश्ता करा आणि पाय उरले तर धोंडेगावाकडे, कश्यपी धरणाच्या बाजूला वर चढा. तिकडे बागा विरळ होतात, डोंगर जवळ येतो. मला तो भाग फार आवडतो.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीची बाजू. रामशेजच्या पायथ्याचं आशेवाडी बघून दिंडोरीकडे सरका. संभाजीराजांच्या काळात मुघलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा किल्ला तो हाच. खालून बघितलं तर एवढीशी टेकडी वाटते, थांबून बघाच. पुढे जानोरी, मोहाडी, सगळा मांडवाचा मुलूख.

वेळेचं म्हणाल तर सातच्या आधी निघू नका. निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्या खाली जातो, आमच्याकडेही बोटं ब्रेकवर वळत नाहीत. बागा थंडीपासून वाचवायला लोक पहाटे शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. खालच्या वाटांवर धूर बसलेला असतो आणि त्या धुरातून पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या पिकअप येत असतात. सकाळीच फवारणीही चालते. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा घरघराट आला आणि मांडवावर धुकं उडताना दिसलं, की वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला थांबायचं. दहा मिनिटं जातात, पण ते छातीत घेऊ नका.

डावा_कालवा

मोहाडीकरांनी वाटा सांगितल्या, मी टायरचं सांगतो. ट्यूबलेस कराच. वेड्या बाभळीच्या फांद्या लोक कुंपणाला रचतात, तो काटा टायर सहज भेदतो. शिवाय मांडव बांधताना कापलेल्या तारेचे बोटभर तुकडे वाटेत पडलेले असतात. तारेनं पडलेलं भोक कधी कधी सीलंटनं बुजत नाही, म्हणून रबरी प्लग आणि एक जादा ट्यूब दोन्ही ठेवा. तुमचं वजन साठ-पासष्टच्या आसपास असेल तर ३८ च्या टायरला ट्यूबलेसमध्ये हवेचा दाब पुढे ३२, मागे ३५ पीएसआयपासून सुरू करा आणि हातानं दाबत जुळवा. डांबरावरच्या सवयीनं साठ भराल तर मुरमावर सायकल नुसती थडथडत राहील, चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरेल.

तुमचा सगळ्यात हलका गियर, ३० ला ३४, म्हणजे पॅडलचा एक फेरा आणि चाकाचा एकाहूनही कमी. तेवढं या चढांना पुरे. फक्त उभं राहून मारू नका. बसून, खांदे खाली, वजन मागच्या चाकावर.

मोहाडीकर

काड्यांचं राहिलं. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची) झाली की कापलेल्या काड्या बांधावर टाकतात, बऱ्याच वाटेवरही येतात. वाळल्या की पेन्सिलीएवढ्या जाड आणि वेतासारख्या चिवट. तीन वर्षांपूर्वी जानोरीच्या पुढे एक काडी माझ्या मागच्या चाकानं उचलली. खट्ट आवाज आला, मी सवयीनं आणखी एक पॅडल मारलं, आणि त्या एका पॅडलनं डिरेलर (गियर बदलणारा भाग) आऱ्यांत ओढला जाऊन वर गेला, हँगर (डिरेलर सायकलला जोडणारा तुकडा) मोडला. चेन तोडून एकाच गियरवर घरी आलो. तेव्हापासून मागून जरा जरी कुरकुर आली तरी पाय तिथल्या तिथं थांबवतो. जानेवारीत काड्या कमी असतात, पण बांधाच्या कडेनं जपा आणि तुमच्या सायकलचा हँगर पुण्यातूनच आणा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, इथं ऐनवेळी मिळेलच असं नाही.

आण्णा_निफाड

मी सायकल चालवत नाही, बाग आहे. मुलीनं हा धागा दाखवला म्हणून लिहितो. बाई, तुम्ही जरूर या. एकच मागणं आहे. काढणीच्या दिवसांत आमच्या अरुंद वाटेवर क्रेट भरलेला ट्रॅक्टर समोरून आला तर तुम्ही बाजूला व्हा, त्याला कडेला घ्यायला लावू नका. चाक खड्ड्यात गेलं की वरच्या क्रेटमधले मणी गळतात. वर्षभर जपलेला माल तो. ट्रॅक्टर पुढं गेला की मग खुशाल आमच्याच बांधावर बसून डबा खा. पाणीही मागा, कोणी नाही म्हणणार नाही.

सायली_कोथरूड

आण्णा, हे मला कधीच सुचलं नसतं. ट्रॅक्टर दिसला की मी उतरून सायकल उचलून कडेला उभी राहीन, शब्द देते.

ट्यूबलेस या शनिवारी करून घेतेय, हँगर मागवला. मोहाडीकर, एक शंका. पहिल्या दिवशी परतताना एखाद्या वायनरीत थांबायचा मैत्रिणीचा आग्रह आहे. वाटेत जमेल का?

मोहाडीकर

थांबा, पण सायकल आधी मावशीकडे ठेवून रिक्षानं जा. दुपारनंतर, त्यातून शनिवार-रविवारी, गंगापूर रोडला गाड्यांची रांग असते आणि त्यातले सगळेच कोरडे परतत नाहीत. तुम्ही वाईन घेतली नसली तरी त्या वेळी त्या रस्त्यावर सायकलवर नसावं.

दुसऱ्या दिवशी मोहाडीत याल तेव्हा साडेनवाच्या सुमारास आमच्याकडे या. वडील बागेतच असतात. आदल्या दिवशी इथं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता कळवतो. घड कसा कापायचा ते तेच दाखवतील.