गाणे की ध्वनिमुद्रण? गळा तयार असताना यंत्रामागे बसावे का?

अंत्रुजकर
माझी भाची शास्त्रीय गायन शिकते, जत्रेतल्या नाटकांना पेटीची साथ करते आणि चवथीच्या दिवसांत तिला भजनांची बोलावणी असतात. पदवी हाती आल्यावर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन संस्थेत ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावा, असे तिने ठरवले आहे. माझा त्याला विरोध आहे, आणि तो केवळ मामाच्या मायेपोटी नाही. विशीतली वर्षे गळा पक्का होण्याची असतात. ती दुसऱ्याचे गाणे टिपण्यात गेली, तर पुढे चाळिशीत रियाज वाढवून भरून निघत नाहीत. आमच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ती भैरवी मुद्रित होताना यंत्रापाशी कोण बसला होता, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

मंचामागचा
आपण दिलेला दाखला आपल्याच विरोधात जातो. ती भैरवी आज ऐकू येते ती कोणीतरी नीट टिपली म्हणून, आणि तीही जेमतेम साडेतीन मिनिटांची. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचे फारसे प्रेम नव्हते. परिणामी मैफलीत तासन्‌तास विस्तारणारी त्यांची गायकी आपल्याला मुख्यतः जुन्या तबकड्यांच्या त्रोटक तुकड्यांवरून कल्पावी लागते. नुकसान श्रोत्यांचे झाले.

दुसरे असे की, 'यंत्रामागे बसणे' या शब्दांत जो कमीपणा डोकावतो, तो या कामाची माहिती नसल्यामुळे येतो. तानपुऱ्यापुढचा माइक वीतभर सरकवला तरी जवारीचा, म्हणजे तारांच्या गुंजनाचा, रंग बदलतो. गायकाच्या तोंडाशी माइक फार जवळ नेला, तर खर्ज आहे त्याहून भरदार ऐकू येतो आणि तार षड्जाला मान जराशी वळली की आवाज एकदम दूर जातो. अशा वेळी गायिकेने मुद्दाम आवाज लहान केला की ती माइकपासून बाजूला झाली, हे ज्याला कळत नाही, तो यंत्रावर आवाजाची पातळी वाढवून तिने घेतलेली नजाकतच पुसून टाकतो. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या मैफलींची मुद्रणे अशीच सपाट झालेली आहेत. म्हणून रागाची जाण असलेली मुलगी या कामात आली, तर ती गाण्यापासून दुरावली असे मी मानणार नाही.

सांगेकर
तत्त्व मान्य केले, तरी गोव्यात तिला टिपायला मिळणार काय, हा प्रश्न उरतोच. ध्वनिमुद्रण वेगळे आणि कार्यक्रमाच्या जागी ध्वनिव्यवस्था सांभाळणे वेगळे. इथे नियमित मिळते ते मुख्यतः दुसरे काम: लग्ने, नाटके, तियात्र (कोंकणी संगीतनाटके), उत्सव. तिथे कानांना जो मारा सहन करावा लागतो, त्याचा विचार कोणी केला आहे का? 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो, असे व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात मानतात. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलपाशी पाव तास. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकांना एरवी बंदी असली, तरी त्याआधीचे दोन तास पुरेसे घातक असतात. गायिकेची पुंजी गळ्याइतकीच कानांत असते. शिवाय पावसाळ्यात गाणे आणि ध्वनिव्यवस्था दोन्हीकडे काम नसते, ते वेगळेच.

अंत्रुजकर
पावसाळ्यात गाणे थांबते हे मला मान्य नाही. वास्कोचा दामोदर सप्ताह श्रावणातच असतो आणि तिथे अहोरात्र भजन चालते. मात्र भजनाकडे आपण सेवा म्हणून पाहतो, त्यावर घर चालवण्याचा हिशेब कोणी मांडत नाही, हे कबूल केले पाहिजे.

मडगावकर
इथे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरत आहेत: गाणे म्हणजे ध्यास आणि ध्वनिमुद्रण म्हणजे पोटापाण्याची सोय. ज्या गोमंतकीयांनी ध्वनिमुद्रणाच्याच आधारावर वादन केले, त्यांच्याकडे पाहावे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा आणि त्यांच्या बरोबरीचे कितीतरी वादक व संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात कित्येक वर्षे घालवून गेले. ते अव्वल कलाकार होते, तरी प्रेक्षकांना त्यांची नावे क्वचितच कळली. तेव्हा नाव होणे न होणे हे मंचावर वा यंत्रामागे असण्याने ठरत नाही. पुढे अनेक पदरी मुद्रण (एकेक वाद्य वेगळे टिपून मग एकत्र करणे) आणि सिंथेसायझर आले, आणि मोठ्या वाद्यवृंदाची गरजच आटली. ज्या यंत्राने रोजगार दिला होता, त्यानेच तो काढून घेतला. म्हणून ध्वनिमुद्रण म्हणजे खात्रीची मिळकत असे धरणेही मला भाबडेपणाचे वाटते. आज घरच्या संगणकावर बरेच काम होते आणि त्याचा दर त्यामुळेच पडतो.

भाचीने काहीही निवडले तरी कराराचा कागद वाचायला शिकावे. प्रताधिकार कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने गायक-वादकांना आपल्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर स्वामित्वधन (रॉयल्टी) मागण्याचा हक्क मिळाला आहे, पण बिदागी घेताना सही कशावर करतो हे आपल्याकडे फार थोडे जण पाहतात.

मंचामागचा
मडगावकरांशी बव्हंशी सहमत आहे. सांगेकरांनी कानांविषयी लिहिले तेही खरे, पण स्टुडिओत आवाजाची पातळी आपल्या हाती असते आणि जाणकार माणूस ती कमीच ठेवतो. माझी सूचना एवढीच की, प्रवेशाआधी तिने जत्रांचा एक हंगाम एखाद्या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली काढावा. तारा गुंडाळणे, माइक लावणे, एकच ओळ वीस वेळा ऐकणे हे कंटाळवाणे काम तिला मानवते का, ते तेव्हाच कळेल.

अंत्रुजकर
हंगामाची सूचना मी तिच्यापुढे ठेवीन. त्या काळात पहाटेचा रियाज किती दिवस होतो याची नोंद तिने स्वतःच ठेवावी, अशी माझी अट राहील. रात्री दोनला सामान आवरून घरी येणारी मुलगी पाचला तानपुरा लावील, यावर माझा अजून विश्वास नाही, आणि तो बसेपर्यंत पुण्याला माझा नकारच आहे.