व्हिजिटरवर कॅनडाला जा, नोकरीची ऑफर मिळवा, पीआर (कायमचं वास्तव्य) घ्या: हे अजून कोण विकतंय?

रोखठोक:
सकाळी एका ग्रुपवर आलेली पोस्ट: "व्हिजिटर व्हिसावर कॅनडा गाठा, ऑफर मिळवा, आत बसूनच वर्क परमिट, ऑफरचे 50 गुण, वर्षात पीआर." खाली दोनशे "इंटरेस्टेड". डोकं फिरलं म्हणून हा धागा.

यातल्या दोन पायऱ्या आज अस्तित्वातच नाहीत. व्हिजिटरला आतून वर्क परमिट मागायची सवलत ऑगस्ट 2020 मध्ये, कोविडमुळे आली. ती फेब्रुवारी 2025 पर्यंत चालणार होती, पण 28 ऑगस्ट 2024 लाच बंद केली. एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर पीआरसाठी निवडायची केंद्र सरकारची व्यवस्था) ऑफरचे 50 (वरिष्ठ व्यवस्थापकांना 200) गुण मिळायचे, तेही 25 मार्च 2025 पासून गेले. का गेले? कारण एलएमआयए (स्थानिक माणूस मिळत नाही म्हणून परदेशी माणूस घ्यायला मालकाला मिळणारी सरकारी मंजुरी) भाजीसारखी विकली जात होती.

टोरोंटोचा काका:
अर्धवट माहिती देऊन लोकांना घाबरवू नका. व्हिजिटरने नोकरी शोधणं, मुलाखत देणं बेकायदा नाही. ऑफर आली, मालकाने एलएमआयए काढली, तर अर्ज "कॅनडाबाहेरून" या प्रकारात ऑनलाइन टाकता येतो आणि तो टाकताना माणूस टोरोंटोशेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये बसलेला असला तरी चालतं. मंजुरीचं पत्र आलं की बाहेर पडायचं, परत येताना विमानतळावर परमिट हातात.

रोखठोक:
चालतं, मान्य. पण "बाहेर पडायचं" म्हणजे नायगाराच्या पुलावरून यू-टर्न नव्हे, हेही सांगा की! 23 डिसेंबर 2024 पासून फ्लॅगपोलिंगवाल्यांना (म्हणजे सीमा ओलांडून लगेच परत फिरणाऱ्यांना) सीमेवर वर्क परमिट देणं बंद आहे. आणि भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, त्यामुळे थेट विमानतळावर अर्ज करायची सोय आपल्याला आधीही नव्हती. म्हणजे मुंबईचं तिकीट खिशात धरूनच हिशेब करा.

आकडेमोड:
तुम्ही एलएमआयए "काढली" म्हणता जणू पॅनकार्ड आहे. मालकाला एका जागेसाठी 1,000 डॉलर फी. त्याआधी जॉब बँकेवर (सरकारी नोकरी-संकेतस्थळ) आणि आणखी दोन ठिकाणी किमान चार आठवडे जाहिरात, आलेले स्थानिक उमेदवार का नाकारले याची नोंद. कमी पगाराची जागा असेल आणि त्या महानगरात बेरोजगारी 6 टक्के किंवा जास्त असेल, तर शेती, बांधकाम, आरोग्य असे काही अपवाद सोडून अर्ज हातातच घेत नाहीत. मिळालेली एलएमआयए साधारण सहा महिने टिकते. ती 1,000 ची फी कामगाराकडून घेणं बेकायदा आहे. "फाइलचा खर्च निम्मा निम्मा" म्हणणारा मालक दिसला की उठून चालू लागा.

नाम्या:
माझ्या भाच्याने तर

आकडेमोड:
भाचा राहू दे नाम्या. नियम सांग.

नाम्या:
बरं बाबा. मग तूच सांग, ऑफरचा आता उपयोग शून्य?

आकडेमोड:
शून्य नाही. गणित बघ. वय 28, एकटा, मास्टर्स, इंग्रजीच्या चारही भागांत सीएलबी 9 (कॅनडाची भाषा-पातळी), भारतातला तीन वर्षांचा अनुभव: वयाचे 110 + पदवीचे 135 + भाषेचे 124 + भाषेला पदवी आणि अनुभवाची जोड म्हणून 100 = 469. तिकडे परमिटवर वर्षभर काम केलं की 40 मिळून 509. जुने 50 असते तर 559. आणि 2025 मध्ये सीईसीची (एक्स्प्रेस एंट्रीतून कॅनडात काम केलेल्यांना पीआरचं निमंत्रण देणारी योजना) एकही फेरी 510 च्या खाली उतरलेली नाही. म्हणजे "वर्षात पीआर" हे आमच्या सोसायटीच्या लिफ्टसारखं: येते म्हणतात, येत नाही. त्यात तिशी ओलांडली की वयाचे गुण दरवर्षी पाच-सहाने गळतात.

टोरोंटोचा काका:
तुमचं सगळं एक्स्प्रेस एंट्रीपुरतं! प्रांताचं नामांकन मिळालं तर 600 गुण, आणि प्रांताच्या बऱ्याच योजनांना ऑफर लागतेच. अटलांटिकच्या चार प्रांतांत तर एलएमआयएच लागत नाही. नियुक्त (प्रांताने आधीच मान्यता दिलेल्या) मालकाची ऑफर, प्रांताचं एंडोर्समेंट, सेटलमेंट प्लॅन, पाच वर्षांत 1,560 तासांचा अनुभव. टीयर (नोकरीची कौशल्य-श्रेणी) 0 ते 3 ला सीएलबी 5 पुरते. फेडरल स्किल्ड या एक्स्प्रेस एंट्रीतल्याच दुसऱ्या योजनेच्या 67 गुणांच्या पात्रतेतही ऑफरचे 10 आणि वर 5 अजून आहेत. हे का लपवलंत?

रोखठोक:
लपवलं नाही, सुटलं. घ्या, अटलांटिकचं कबूल. आता ब्रॅम्प्टनच्या मामाकडे उतरून अटलांटिकमधल्या हॅलिफॅक्सचा नियुक्त मालक कसा गाठायचा, तेवढं पाहुणचारात शिकवा.

शनिवारपेठी:
खरा अडथळा तुम्ही कुणीच बोलत नाही. आपल्याकडच्या कंपन्या अनुभवपत्र देत नाहीत! रिलीव्हिंग लेटरवर हुद्दा आणि दोन तारखा, बस. कॅनडाला लेटरहेडवर कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि लाभ, सही करणाऱ्याचा संपर्क लागतो. एचआर म्हणतं "पॉलिसी नाही". वर हुद्दा "असोसिएट". यावरून अधिकाऱ्याने एनओसीचा (कॅनडाची व्यवसायांची सरकारी यादी) कोड 21231, म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअर, धरायचा की 21232, म्हणजे डेव्हलपर?

टोरोंटोचा काका:
त्यात काय, एनओसीच्या पानावरची कामं उतरवून मॅनेजरची सही घ्यायची. सगळे तेच करतात.

शनिवारपेठी:
हाच सल्ला लोकांना बुडवतो!! शब्द न् शब्द उतरवलेलं पत्र अधिकारी लांबून ओळखतो. शंका आली तर कंपनीत फोन जातो, आणि कंपनीने हात वर केले की चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं बंदी. कामं आपल्या शब्दांत, आपल्या प्रकल्पातली लिहा. एनओसीच्या प्रास्ताविकातलं मूळ काम आणि यादीतली बरीचशी मुख्य कामं त्यात दिसली पाहिजेत, एवढंच.

कोकण्या:
एचआर देतच नसेल तर?

शनिवारपेठी:
एचआरचं रिलीव्हिंग लेटर, पगारपत्रकं, फॉर्म 16, पीएफचं पासबुक आणि थेट साहेबाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. सोबत पत्र का मिळालं नाही याचा खुलासा, एचआरला पाठवलेल्या ईमेलसकट. खात्री नाही, पण टिकायची शक्यता असते. आणि हे निमंत्रण यायच्या आधी जमवा. आल्यावर 60 दिवस असतात, आणि अर्ज अपूर्ण दिसला तर सरळ परत.

कोकण्या:
मग सोपं आहे. व्हिजिटरवर तिथे राहून पुण्याच्या कंपनीचं काम रिमोट करायचं. पगार इकडचा, अनुभव कॅनडाचा.

आकडेमोड:
काम करायला हरकत नाही, मालक आणि पैसा दोन्ही बाहेरचे असतील तर परमिट लागत नाही. पण तो अनुभव सीईसीत धरत नाहीत. त्यासाठी कॅनडात बसून, परवानगीनिशी, कॅनडाच्याच मालकाचं काम हवं. शिवाय 183 दिवस झाले की तिकडच्या कर खात्याचा प्रश्न उभा राहतो.

टोरोंटोचा काका:
ओळखीच्या दुकानात दोन दिवस बिनपगारी "ट्रायल" मारायला काय जातं मग?

रोखठोक:
काका, स्थानिकाला पगार देऊन करून घेतलं असतं असं काम बिनपगारी केलं तरी ते कामच. विनापरवाना कामाची नोंद लागली की पुढच्या परमिटला साधारण सहा महिने अडथळा. तुम्ही आधी लोकांना अटलांटिकला पाठवत होतात, तेच बरं होतं.

टोरोंटोचा काका:
ठीक आहे, ट्रायलचं मागे घेतो. पण अनुभवपत्राबद्दल शनिवारपेठींनी एवढा बाऊ करायची गरज नव्हती.

शनिवारपेठी:
बाऊ? पदवी तपासून घ्यायला पोस्टाच्या पाकिटात सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणताना विद्यापीठात किती खिडक्या लागतात, त्यावर अजून आलेच नाहीये मी.