अतिदक्षता विभागातील उपचार आणि एकत्रित चाचण्या : शासकीय रुग्णालयांचा सहभाग बंधनकारक असावा का?

मुळाकाठ :
एप्रिल २०२१ मध्ये कोविड झालेल्या वडिलांसाठी प्लाझ्मादाता (कोविडमधून बरा झालेला, रक्तातील द्रव भाग देणारा) मिळावा म्हणून रात्रभर फोन फिरवणाऱ्यांपैकी मी एक होतो. भारतातील ३९ रुग्णालयांनी मिळून ४६४ रुग्णांवर केलेल्या ‘प्लासिड’ चाचणीत प्लाझ्माने आजार बळावणे वा मृत्यू टळत नसल्याचे दिसले होते, आणि तो निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता, हे मला फार उशिरा कळले. सिद्ध न झालेला उपचार सरसकट देणे हाही प्रयोगच असतो. फरक इतकाच की त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांना अशा चाचण्यांत भाग घेणे बंधनकारक करावे, असे माझे मत आहे.

सातारकर :
आपलेच उदाहरण आपल्या विरोधात जाते. चाचणी झाली, उत्तर मिळाले, तरी प्लाझ्मा शासकीय उपचारसूचीतून वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. उत्तर ऐकायचेच नसेल, तर आणखी चाचण्या कशासाठी?
दुसरे असे की, अतिदक्षता विभागाच्या दाराशी घेतलेली संमती कितपत खरी असते? रुग्ण बेशुद्ध, नातेवाईक भेदरलेला. समोर आलेल्या प्रत्येक कागदावर तो सही करतो. त्यात एका परिचारिकेकडे चार-चार व्हेंटिलेटर असताना चाचणीचे तक्ते कोणी भरायचे?

निवृत्त भूलतज्ज्ञ :
मनुष्यबळाचा आक्षेप रास्त आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र एकत्रित चाचणीची गरज का पडते, हे सांगायला हवे. २००१ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन येथील एकाच रुग्णालयात, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या १,५४८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, इन्सुलिनने रक्तातील साखर ८० ते ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ठेवल्यास अतिदक्षता विभागातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर येतात, असे दिसले. जगभर ती पद्धत उचलली गेली, आणि मीही ती निष्ठेने पाळली. २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ चाचणीने ४२ रुग्णालयांतील ६,१०४ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा नव्वद दिवसांतील मृत्यू साखरेच्या अशा कडक नियंत्रणाच्या गटात २७.५ टक्के आणि साखर थोडी जास्त राहू दिलेल्या गटात २४.९ टक्के निघाले. शंभरांमागे अडीच रुग्णांचा हा फरक, रोज राउंड घेणाऱ्या कितीही अनुभवी डॉक्टरच्या नजरेस पडणे शक्य नाही. माझ्या तरी पडला नाही.
आणि दुसऱ्यांच्या चाचण्यांवर विसंबून चालत नाही. गंभीर तापाने आलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना सलाइन झपाट्याने द्यावे, हा श्रीमंत देशांतला रिवाज. युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ मुलांवर तो तपासला, तेव्हा तसे सलाइन दिलेल्या मुलांचेच मृत्यू जास्त झाले.

मुळाकाठ :
सातारकर, निष्कर्षाकडे दुर्लक्ष झाले हा दोष चाचणीचा नव्हे. शिवाय ‘प्लासिड’ लहान होती, दात्यांच्या प्लाझ्मातील प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारे घटक) आधी मोजलेली नव्हती, आणि त्या पळवाटेचा आधार अनेकांनी घेतला. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने ११,५५८ रुग्णांवर तेच उत्तर दिले, तेव्हा कुठे वाद मिटला. आपली रुग्णालये अधिक संख्येने जोडली गेली असती, तर ते उत्तर कदाचित इथेच आणि लवकर मिळाले असते.

सातारकर :
भूलतज्ज्ञांचा मुद्दा पटला. नव्वद दिवसांनीच दिसणारे नुकसान खाटेशेजारी उभे राहून दिसत नाही. ‘बंधनकारक’ या शब्दाला मात्र माझा विरोध कायम आहे. रुग्णालयावर बंधन आले की त्याचा दाब सही मागणाऱ्या निवासी डॉक्टरवर येतो आणि तिथून नातेवाइकावर. काही वर्षांपूर्वी माझ्या काकूंनी काकांसाठी अशाच एका चाचणीच्या कागदावर सही केली होती. काका गेले. त्यांना कोणते औषध मिळाले आणि त्या चाचणीतून पुढे काय निघाले, हे सांगायला आजवर कोणी आलेले नाही, आणि काकू अजूनही अधूनमधून मला तेच विचारतात.