मखरामागे मखमली वेलबुट्टी: फ्लॉक घरी जमतो का?

माडाचीवाडी: मखरामागे लावायला 4 × 3 फुटांचा फलक करायचा आहे, थर्माकोल नको. जुन्या इंग्लिश भिंतकागदावर असते तशी उठावदार मखमली नक्षी हवी. तयार वेल्व्हेट पेपर कापून चिकटवला तर दमट हवेत कडा उचलतात. फेविकॉलवर फ्लॉकची, म्हणजे बारीक कातरलेल्या तंतूंची, पूड भुरभुरली की मधेच टक्कल पडतं. कारण काय? आणि ऐन श्रावणात हे करावं का?

रंगारी_बुवा: टक्कल फेविकॉलमुळे. त्यावर लगेच साय धरते. नक्षीचं दुसरं टोक रंगवून होईतो पहिलं सुकलेलं असतं. जुने कारागीर म्हणूनच तेलाचं, सावकाश सुकणारं वॉर्निश वापरत. कापडाच्या कारखान्यात लोकर कातरताना पडणारा भुसा ही त्यांची पूड. इंग्लंडमध्ये 1634 साली जेरोम लॅनियरला अशा कामाचं पेटंट मिळालं. 1735च्या सुमारास लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या सल्लागार मंडळाच्या) कचेरीत लागलेला लाल कागदही याच जातीचा, दमास्क या नक्षीदार रेशमी कापडाची नक्कल. लाकडी ठशाने वॉर्निशची नक्षी उठवायची, कागद कापडी तळाच्या लांब पेटीत ठेवायचा, वर पूड टाकायची आणि खालून काठ्यांनी तळ बडवायचा. पूड उडून सगळीकडे सारखी बसते. ही बडवणूक वगळली की तंतू आडवे पडतात आणि मखमल न दिसता भुसा दिसतो. वॉर्निशमधल्या टर्पेंटाइनमुळे कसर लागत नसे, हा वरचा फायदा.

तुमच्यासाठी: 6 मिमी प्लाय, त्यावर प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात. कोरा प्लाय गोंद पितो, तिथेही टक्कल पडतं. नक्षी फ्लॉकच्याच रंगाच्या ऑइलपेंटने उठवा, म्हणजे विरळ जागा डोळ्यात येत नाही. त्यात दहावा हिस्सा उकळलेलं जवसाचं तेल घाला. एका वेळी एकच बुट्टी. लगेच चाळणीने पूड जाड थरात टाका, प्लाय खालून टिचक्यांनी ठोका, मग हात लावू नका. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात.

चिरेबंदी: बुवांच्या कृतीत श्रावण धरलेला नाही. दमट पुडीच्या गुठळ्या होतात. ती पसरट ताटात 60 वॉटच्या पिवळ्या बल्बखाली तासभर ठेवून मैद्याच्या चाळणीने चाळा. रंगही रेंगाळतो, उन्हाळ्यात एका दिवसात होणाऱ्या कामाला इथे दोन-तीन दिवस धरा. तोवर जादा पूड झटकली तर तंतू मुळासकट निघतात. पूर्ण सुकल्यावर फलक उभा करून मागून ठोका. पडलेली पूड चाळून परत वापरता येते. नाकाला मास्क हवाच, नायलॉनची बारीक पूड फुप्फुसाला वाईट.

फलक जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका, दोन इंच फट ठेवा. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते, तिथे तर मुळीच नको. ओलीची शंका असेल तर फूटभर प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतून पाणी जमलं तर ओल भिंतीची, बाहेरून जमलं तर हवेची.

माडाचीवाडी: कारखान्यातला फ्लॉक इतका उभा कसा राहतो? आणि समई जवळ चालेल?

रंगारी_बुवा: तिथे बडवणूक नाही, वीज. हजारो व्होल्टच्या क्षेत्रात नायलॉन किंवा रेयॉनचा तंतू उभा होतो आणि टोकाने गोंदात घुसतो. हे यंत्र घरी जुळवायच्या भानगडीत पडू नका.

समई, निरांजन किमान तीन फूट लांब. रेयॉन भुरकन पेटतो, नायलॉन वितळून ठिबकतो. मिळाली तर लोकरीची पूड घ्या, ती तितकी सहज पेट घेत नाही. आरतीचं ताट मात्र फलकापासून लांबच फिरवायचं.

चिरेबंदी: विसर्जनानंतर ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रशने वरून खाली झाडा. गुंडाळताना नक्षीवर सुती कापड टाका. प्लास्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरते.