मदत हवी आहे: चपट्या टोकाच्या गळाची गाठ सरकते

मासेमारीचा गळ बिननेढ्याचा (दोरा ओवायला भोक नसलेला), वरचं टोक चपटं. तंगूस (गळाला बांधायचा दोरा) फ्लुरोकार्बन या प्लास्टिकचा, ०.४० मिमी. तंगुसाचा फास दांडीला समांतर धरायचा, चपट्या टोकापासून बाकाकडे (गळाच्या वळणाकडे) शेपटाचे, म्हणजे तंगुसाच्या मोकळ्या टोकाचे, ७ वेढे, मग शेपूट फासातून ओवायचं. थुंकीने ओलं करून मुख्य तंगूस सावकाश ओढायचा. तरी ५ किलोच्या ताणाला काही गाठी जातात.

जाण्याच्या तऱ्हा दोन. शेपटाला स्प्रिंगसारखी कुरळी वळणं दिसली तर गाठ सरकलेली. चपट्या टोकाखाली साफ तुटलं असेल तर तिथल्या धारेने कापलेलं.

पहिल्यासाठी वेढे १० करावेत का? जाड फ्लुरोकार्बन ताठ असतं, वेढे वाढले की एकावर एक चढतात आणि गाठ पुरती आवळतच नाही, ही भीती आहे. धार बारीक पॉलिश पेपरने मारली तर मुलामा जाऊन गंज धरेल का?

मुख्य तंगूस दांडीच्या अणीकडच्या बाजूनेच निघायला हवा, पण आवळताना तो फिरून मागे जातो. चिमटीत नेमका कुठे दाबून धरता?

आवळताना गळाचा बाक पक्क्या कडीत अडकवायचा, अणी अंगापासून लांब, डोळ्यांवर चष्मा. पक्कडीत धरला तर दांडीवर ओरखडे पडतात. याहून सुरक्षित रीत असेल तर सांगा.

(नेढ्याचे गळ घ्या, हे उत्तर कृपया नको. बारीक आमिषाला हेच बरे पडतात.)